कशावरूनबाई आणि वरची खुर्ची

तिला सगळे कशावरूनबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं. दवाखान्यातला शिपाई म्हणाला, "बाई, आज पाऊस येणार," की ही चष्म्यावरून बघत विचारणार, "कशावरून?" डॉक्टर म्हणाले, "हा पेशंट नाटक करतोय," तरी हिचं तेच. लहानपणी आत्याने वैतागून ठेवलेलं नाव शाळेत गेलं, शाळेतून कामावर आलं आणि पन्नाशी उलटली तरी चिकटून राहिलं. एकदा एक बरा माणूस तिला म्हणाला होता, "माझं तुझ्यावर प्रेम आहे." हिने सवयीने विचारलं, "कशावरून?" तो बिचारा विचार करायला म्हणून गेला तो गेलाच. हसू नका. तिला स्वतःला त्याचं हसू यायला बरीच वर्षं लागली.

काम तिचं कान तपासायचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली, जाड दाराची, भिंतींना आतून गादीसारखं अस्तर लावलेली. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. "बारीकसा आवाज येईल. आला की बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं." एवढं सोपं. पण माणसाची जात अशी की आवाज नसतानाही दाबते! काही जण परीक्षेत नापास होऊ या भीतीने दाबतात. काही जण काचेतून हिचं तोंड बघतात आणि अंदाजाने दाबतात. म्हातारी माणसं तर निव्वळ भिडेखातर दाबतात, बाई एवढ्या कष्टाने आवाज पाठवतायत तर नाही कसं म्हणायचं! म्हणून ती मुद्दाम मध्ये शांतता सोडायची, कधी लांब, कधी आखूड. त्या शांततेत कोण बटण दाबतं यावर तिचं बारीक लक्ष. ज्याला ऐकायची फार इच्छा असते त्याला नसलेलं ऐकू येतं, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याचं नवल राहिलं नव्हतं.

आता एवढी पुरावे मागणारी बाई वाढली कुठे म्हणाल, तर भुताच्या घरात.

गल्लीच्या टोकाला दुमजली घर होतं. वरच्या खोलीत पूर्वी एक घड्याळं दुरुस्त करणारा राहायचा. एकटाच. ना आगा ना पीछा. तो मेला तेव्हा कुणाला पत्ता नाही. दुकान बरेच दिवस उघडलं नाही म्हणून कुणीतरी दार ठोठावलं, तेव्हा कळलं. जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याच्याकडे मेल्यावर सगळ्या गल्लीचे डोळे लागले. कुणाला तो खिडकीत दिसला, कुणाला जिन्यावर. दुपारी चारच्या सुमाराला वरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, हे तर ज्याच्या त्याच्या तोंडी. घर कुणी घेईना. मग ते हिच्या बाबांनी घेतलं. बाबा कारखान्यात प्रेसच्या खात्यात, दिवसभर पत्र्यावर धाडधाड. ते म्हणाले, "भूत असलं तर असू दे, घरात एक माणूस जास्त." आईने आल्या दिवशी जिन्याखाली उभं राहून वर पाहिलं आणि पदर नीट केला, जसा घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर करतात तसा.

कशावरूनबाई तेव्हा एवढीशी. तिला भुताची भीती कधीच वाटली नाही. तिला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. या घरात कुणी येईना. दूधवाला फाटकाबाहेरून घंटी वाजवायचा आणि आईने पातेलं घेऊन तिकडे जायचं. पोस्टमन रस्त्यावरून शीळ घालायचा. वर्गातल्या मुलींच्या आया म्हणायच्या, "तिला आपल्याकडे बोलाव हवं तर, पण तू तिकडे जायचं नाहीस." आणि मग तिलाही कुणी बोलवायचं नाही, न जाणो, सोबत घेऊन आली तर! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो या गल्लीत सहकुटुंब राहत होता.

एकदा मात्र एक मैत्रीण आली. शाळेत नवी होती, तिला गल्लीची बातमी लागली नव्हती. दोघी अंगणात खेळल्या, मग आत आल्या, आईने तर आनंदाने दोनदा पाणी विचारलं. आणि चारला वर खुर्ची सरकली. खर्रर्र, आणि मग थांबली. मैत्रीण म्हणाली, "वर कोण आहे?" हिने खरं सांगितलं. खोटं बोलायची सवयच नव्हती घरात. "कुणी नाही," ही म्हणाली. ती पोरगी जी पळाली ती दप्तर तिथेच टाकून! संध्याकाळी बाबा दप्तर परत द्यायला गेले तर तिच्या आईने ते दोन बोटांनी धरून घेतलं आणि दार लावलं.

त्या दिवशी ही खूप रडली. बाबांना रडणं बघवायचं नाही, ते म्हणाले, "रडून काय होणार? चल, शोधू आपण. आवाज आहे म्हणजे कारण आहे. कारण सापडलं की सगळ्यांना बोलावून दाखवू. मग येतील की नाही बघ."

येतील. या एका शब्दावर बापलेकीच्या कितीतरी सुट्टीच्या दुपारी गेल्या. छपरावरची टिकटिक पत्र्याची निघाली, ऊन उतरलं की तो आकसतो. भिंतीतली घरघर शेजारच्या पंपाची निघाली. जिन्यावरची खुडबुड उंदराची, त्यात काही शंका नाही, खुद्द आरोपीच सापडला. राहिली ती खुर्ची. गंमत म्हणजे वरच्या खोलीत खुर्चीच नव्हती. घड्याळजीचं सामान केव्हाच भंगारात गेलेलं. रिकामी खोली, एक खिडकी, एक खुंटी. बाबांनी शेवटी शक्कल लढवली. जिन्यावर आणि वर जमिनीवर पातळ पीठ पसरलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं बघायला गेले, तर पाऊलखुणा! हिने तर ती मोजायलाच सुरुवात केली. बाबांनी खाली वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि जिन्यातून हाक मारली, "अगं, जरा तुझी चप्पल आण बघू."

भुताला आईची चप्पल अगदी बरोबर बसत होती.

"जाते मी वर," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ना लाज ना भीती. "झाडते, खिडकी उघडते. बोलते जरा."

"कुणाशी?"

"वरच्यांशी."

बाबा चिडले. "अगं, कुणी नाहीये तिथे! मी सांगतो ना!"

"नसू दे की," आई म्हणाली. "तुम्ही जाता कारखान्यात, ही जाते शाळेत. या घरात कुणी पाऊल टाकत नाही. दिवसभर मी बोलायचं कुणाशी? भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं. निदान चारला हूं तरी म्हणतात."

बाबांनी केरसुणी घेतली आणि जिन्यावरचं पीठ झाडायला लागले. त्यानंतर आई उघडच बोलायला लागली. "वरचे आज गप्प आहेत." "वरच्यांना तुमची घोरण्याची सवय पसंत दिसत नाही." बाबांची तक्रार करायची झाली की जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन मोठ्याने करायची, म्हणजे दोघांनाही ऐकू जावी. ही मोठी होत गेली तसं हिला त्याचं हसू यायचं, मग लाज वाटायला लागली, आणि मग ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली ती तिकडचीच झाली. खुर्चीचं कारण काही सापडलं नाही. बाबा म्हणायचे, "सापडेल. अजून सापडलं नाही एवढंच."

पुढे ती पुष्कळदा या सगळ्याचा विचार करायची. भूत नव्हतं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण नसलेल्या भुताने जे केलं ते असलेल्यालाही जमलं नसतं. त्याने तिच्या आईला बोलायला माणूस ठेवलं नाही आणि तिला खेळायला पोर ठेवलं नाही. आणि त्याचं काय बिघडलं? काही नाही. त्याला कुणी जाब विचारू शकत नव्हतं, कारण ते नव्हतंच. हा विचार आला की ती इतकी संतापायची की भांडी घासता घासता आपटायची.

कुणाला घरी बोलवायची सवयच तिला लागली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. तिथे भूत नाही, भुताची वदंता नाही, गल्लीचं टोकही नाही. तरी कुणी येत नसे. शेजारणीने एकदोनदा चौकशी केली, हिने नीट उत्तरं दिली, दार मात्र अर्धंच उघडलं. आता याचं खापर ती कुणावर फोडणार?

आई गेली आणि बाबा त्या घरात एकटे राहिले. हिने लगेच म्हटलं, "बाबा, माझ्याकडे चला. दुसरी खोली रिकामी आहे." बाबा म्हणाले, "बघू." दर रविवारी फोनवर ती विचारायची आणि दर रविवारी ते बघायचे. फोनवर बोलणं म्हणजे आधीच सर्कस. प्रेसच्या खात्याने बाबांचे कान पार खाल्ले होते. ही म्हणायची, "जेवलात का?" आणि ते म्हणायचे, "हो, बंद केलाय."

मग एका रविवारी बाबा म्हणाले, "खुर्ची हल्ली फार वाजते गं. पूर्वी चारला वाजायची. आता केव्हाही." आणि थांबून म्हणाले, "तिचं कारण सापडल्याशिवाय कसा येऊ?"

आयुष्यभर पत्रे ठोकून, पंप तपासून, पीठ पसरून भुताला हाकलणारा हा माणूस म्हातारपणी त्याचाच होऊन बसला की काय? की डोक्यावर परिणाम? शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना रिकाम्या खोलीतली खुर्ची ऐकू येते? बहिऱ्या माणसाला! तिने सुट्टी काढली नाही, काही नाही. गाडी पाठवून बाबांना सरळ दवाखान्यात आणलं आणि त्या जाड दाराच्या खोलीत बसवलं.

"बाबा, आवाज आला तरच दाबायचं."

"माहितीये. मी काही शाळेतला पोरगा नाही."

एकामागून एक आवाज जात राहिले. बाबांचा हात हलेना. तिने आवाज वाढवला, अजून वाढवला, आलेख खाली खाली जात राहिला. बघून तिला वाईट वाटलं. इतकं गेलं असेल असं वाटलं नव्हतं. मग तिने सवयीने मध्ये शांतता सोडली, चांगली लांब. काहीही पाठवलं नाही. आणि बाबांनी बटण दाबलं.

तिने दार उघडलं. "बाबा, का दाबलंत? आवाज नव्हता."

"होता की," बाबा म्हणाले. "खुर्ची."

तुम्हाला सांगतो, तिला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता! घर तिकडे, खुर्ची तिकडे आणि आवाज इथे, चार बोटं जाडीच्या दाराआड! म्हणजे तो घरात नव्हताच, कानात होता. तिने बाबांना मोठमोठ्याने, हातवारे करून समजावलं: कानात आवाज पोचेनासा झाला की मेंदू रिकामा बसत नाही, ओळखीचे आवाज स्वतःच काढून वाजवतो. कानाचं मशीन लावलं, खरे आवाज पोचायला लागले, की हे खोटे कमी होतात. बाबा एखाद्या हुशार पोरासारखे ऐकत होते. एकदाच त्यांनी विचारलं, "मग तेव्हा तुम्हाला दोघींनाही ऐकू यायची, ती?" ती म्हणाली, "ते वेगळं. तेव्हाचं कारण वेगळं असणार." "हं," बाबा म्हणाले.

दोन दिवस ते तिच्याकडे राहिले, मशीन बसवून घेतलं आणि घरी गेले. आणि महिनाभराने, रविवारी, फोनवर पहिल्यांदाच तिचं प्रत्येक वाक्य नीट ऐकत बाबा म्हणाले, "बंद झाली बरं का खुर्ची. तू जिंकलीस. ये मला न्यायला."

तिने दुसरी खोली झाडली. चादर नवी घातली. जिन्यात शेजारीण भेटली तर आपणहून सांगितलं, "माझे वडील यायचेत राहायला," आणि सांगताना तिचा आवाज जरा चढलाच.

न्यायला गेली तेव्हा बाबांचं सामान बांधून तयार होतं. गाडी यायला अवकाश होता. बाबा खाली पलंगावर बसले होते. मशीन त्यांनी काढून डबीत ठेवलं होतं, प्रवासात वारा फार खरखरतो म्हणून. ही स्वयंपाकघरातल्या खिडक्या लावत होती. आणि वर खुर्ची सरकली.

खर्रर्र. मग थांबली.

ती तिथेच उभी राहिली. पत्रा? आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतंच. पंप? शेजारचं घर पाडून कितीतरी दिवस झाले. उंदीर? खुर्ची सरकवणारा उंदीर तिने तरी पाहिला नव्हता. ती वर गेली. खोली तशीच, रिकामी. खिडकी, खुंटी, जमिनीवर धूळ आणि धुळीवर आता तिच्या स्वतःच्या पावलांचे ठसे. दुसरं काही नाही. आपणही बटण दाबतोय का, असं तिने स्वतःला विचारलं. आवाज नसताना दाबतात त्यांना तो ऐकायचा असतो. पण तिला तर ऐकायचा नव्हता! आजच्या दिवशी तर मुळीच नको होता. आज तो न वाजणं यातच तिचा सगळा फायदा होता. म्हणजे वाजला. कितीही उलटसुलट केलं तरी उत्तर तेच येत होतं.

ती खाली आली. बाबा तिच्याकडेच बघत होते. "काय गं? वर का गेलीस? वाजली का?"

"नाही" म्हणायचं होतं, बस. मान जरा आडवी हलवायची. बाबांना ऐकू येत नव्हतं, त्यांना कळायचा दुसरा मार्ग नव्हता. गाडी आली असती, दोघं निघाले असते, आणि संध्याकाळी तिच्या घरात दुसऱ्या खोलीत दिवा लागला असता. "हो" म्हटलं तर बाबा पिशव्या सोडणार, कारण शोधायला बसणार, आणि ती एकटीच परत जाणार. हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि मग तिने मान उभी हलवली.

"वाजली," ती म्हणाली, आणि त्यांना कळावं म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणाली, "वाजली, बाबा. मी ऐकली. कारण माहीत नाही. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा."

बाबा हसले. "रोज वाजते ती," ते म्हणाले. "मशीन लावल्यापासून तर फार स्पष्ट."

"म्हणजे? तुम्हीच म्हणालात बंद झाली!"

हे त्यांना तिच्या ओठांवरून समजलं असावं. "म्हणालो खरा," ते म्हणाले. "मी खोटं बोलत नाही, म्हणून तुला पटलं. अगं, तपासणीला आलो तेव्हा दोन दिवस तुझ्याकडे होतो ना. तू उभ्याने जेवतेस. ओट्याशी, पातेल्यातूनच. मी होतो तरी माझं ताट वाढलंस आणि स्वतः तिकडे उभी. ताट घ्यायची सवयच नाही राहिली तुला. मला रात्रभर झोप नाही आली त्याने. तेव्हाच ठरवलं, हिच्याकडे जायचं. आता 'तू एकटी आहेस म्हणून येतो' असं सांगितलं असतं, तर तू काय विचारलं असतंस, सांग?"

तिने चष्मा काढून पुसला.

"म्हणून म्हटलं, हिला जिंकू दे," बाबा म्हणाले. "खुर्चीचं काय घेऊन बसलीस? वाजू दे. तुला तिथे जेवताना समोर कुणीतरी बसायला हवं."

असं म्हणून ते वाकले आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागले. म्हाताऱ्या बोटांना ते काम झटपट होत नाही. बोलणं मात्र चालूच होतं: तुझ्याकडचं पातेलं फार लहान आहे, इथलं मोठं घेतलंय, आणि दोन ताटं. ते वर बघत नव्हते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणून कशावरूनबाई दाराच्या चौकटीला धरून हुंदके देत रडली, तोंडावर हात न ठेवता, अगदी मोठ्याने.